खाडीतली लहान तांबोशी कोणी सोडायची?

मूळ मत (ऐरोली, हौशी गळकरी)

ठाणे खाडीत गळाला लागणारी तांबोशी बहुधा हातभरही नसते आणि ती सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. हा मासा लहानपणाची काही वर्षे तिवरांच्या मुळांत, निमखाऱ्या पाण्यात काढतो, पुढे समुद्रातल्या खडकाळ तळाकडे जातो आणि अंडी तिकडेच घालतो; मादी अर्ध्या मीटरच्या आसपास वाढेपर्यंत सहसा प्रजननक्षम होत नाही. म्हणजे ३० वर्षांहून अधिक जगू शकणारा मासा आपण एकदाही अंडी घालण्याआधी मारतो. ५० सेंटिमीटरखालची तांबोशी गळवाल्याने ठेवू नये आणि जाळेवाल्याने विकू नये.

प्रतिसाद (दिवाळे कोळीवाडा)

दादा, माशाबद्दल लिहिलेत ते खरे आहे, पण डोल, म्हणजे खाडीच्या प्रवाहात लावायचे पिशवीसारखे जाळे, तुम्ही उपसलेली दिसत नाही. ओहोटीच्या ओढीने जे बारीक आसाच्या (जाळ्याच्या छिद्रांच्या) टोकात दाबले जाते, त्यातले बरेचसे वर येईपर्यंत मेलेले असते. ते परत टाकून कोणती तांबोशी वाढणार? शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, त्यामागचा हेतू आम्हाला पटतो. मात्र अर्ध्या मीटरची तांबोशी खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींना मिळते, खाडीतल्या होडीला नाही. त्याग आमचा आणि मासा त्यांचा, हा हिशेब मला मान्य नाही. शिवाय गाळाने भरलेल्या आणि सांडपाण्याने काळ्या पडलेल्या खाडीबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिले नाही, याचे वाईट वाटले.

प्रतिसाद (ठाणे, चेंदणी)

ताटात मावेल एवढीच तांबोशी मागणारे आम्ही गिऱ्हाईकही यात आहोत.

मूळ लेखकाचे उत्तर

डोलीबद्दलचे म्हणणे मी मान्य करतो आणि ती अट मागे घेतो. सांडपाण्याचा उल्लेख राहिला, ही माझी चूकच झाली. पण पागात, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्यात, मासा जिवंत येतो, तेथे सोडणे शक्य आहे. आमच्यातले काही जण हौसेच्या नावाखाली हॉटेलांना मासे विकतात, ते आधी थांबले पाहिजे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केला आणि मासा ओल्या हाताने धरला, तर तो जगण्याची शक्यता खूप वाढते.

प्रतिसाद (दिवाळे कोळीवाडा)

पागातली जिवंत तांबोशी सोडायला मी माझ्या घरात सांगेन. डोलीचा आस वाढवला तर करंदी (बारीक कोळंबी) निसटते, आणि आमचे रोजचे पैसे करंदीचेच असतात. त्यावर काही तोड असेल तर जरूर लिहा.