मदत हवी आहे: सुप्याजवळ शेतावर दिसलेले लांडगेच असतील का? घरात लहान मूल आहे

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

सुप्याच्या (बारामती तालुका) पुढे सासऱ्यांची थोडी मुरमाड शेती आहे, कडेनं सगळं गवताचं माळरान. सुट्टीला म्हणून पाच वर्षांच्या लेकीला घेऊन आलेय. परवा दिवेलागणीला पाण्याच्या टाकीमागं दोन जनावरं उभी दिसली, आधी वाटलं गावातलीच कुत्री, पण पाय लांबसडक, अंग मातकट करडं, शेपूट खाली सोडलेली आणि मुख्य म्हणजे आमचा मोत्या, जो पोस्टमनवर पण धावून जातो, तो गुपचूप ओट्याखाली जाऊन बसला. ती दोघं मिनिटभर आमच्याकडं बघत राहिली आणि मग एकामागून एक बांधावरून निघून गेली, पळाली पण नाहीत. सासरे म्हणाले लांडगे आहेत, नेहमीचंच, चहा टाक.

मी रात्री मोबाईलवर बघत बसले तर अलास्काचे व्हिडिओ, वासराएवढे लांडगे!! आणि मग उत्तर प्रदेशातल्या बहराइचला लांडग्यांनी मुलं मारल्याच्या बातम्या. आता प्लीज कुणीतरी सांगा की हे लांडगेच होते का, आपल्याकडचे केवढे असतात आणि लेकीला अंगणात खेळू द्यायचं की नाही, का बॅग भरून पुण्याला परत जाऊ?

माळावरचा:
वर्णनावरून लांडगेच वाटतात. कोल्हा बुटका, जेमतेम आठ-दहा किलोचा. तरस असता तर अंगावर पट्टे आणि मागचा भाग उतरता दिसला असता. आपल्या माळावरचा लांडगा वजनाला 18 ते 25 किलो, खांद्यापाशी दोन-सव्वादोन फूट, म्हणजे एखाद्या उंच गावठी कुत्र्याएवढाच. उन्हात राहणारा, त्यामुळे केस विरळ आणि अंग सडपातळ. लडाख-स्पितीकडचा याहून मोठा आणि लोकरीसारख्या दाट केसांचा. अलास्काचा तर 40-50 किलोचा गडी, तो मूस नावाची भलीमोठी हरणं पाडतो. आपला ससे, उंदीर, घुशी, मिळालं तर चिंकारा आणि बाकी मेंढरं यावर जगतो. तुमच्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथं लोक मुद्दाम बघायला येतात, तुम्हाला तर ओट्यावरनं दिसला.

वाघरवाला:
ताई आम्ही धनगर, लहानपणापासनं मेंढरांमागं आहे. रात्री वाघर (जाळीचं कुंपण) लावतो, मेंढरं आत, कुत्री बाहेर, तरी कधी कोकरू नेतोच. एक जण कुत्र्यांना नादी लावतो, दुसरा मागनं येतो, एवढा बेरकी. आज्जा म्हणायचा त्याचा वाटा त्यानं नेला, आम्ही काय तेवढं मोठ्या मनाचे नाय, शिव्या घालतो. पण माणसावर आलेला मी तरी बघितला नाय, काठी आपटली की जातो.

गावकरी_७७:
एवढा विचार कशाला, एका शेळीत औषध घालून टाका, विषय संपला.

माळावरचा:
@गावकरी_७७ असले सल्ले देऊ नका. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, थेट जेलचं काम. शिवाय त्या शेळीवर गावातली कुत्री आणि घारी पण मरणार. आख्ख्या देशात दोन-तीन हजार लांडगे उरलेत.

स्पष्टच_बोलते:
वाघरवाले दादांचा अनुभव खरा, पण "काहीच करत नाही" असंही सांगू नका तिला. 1993 ते 95 हजारीबागला, 1996 ला पूर्व उत्तर प्रदेशात आणि 2024 ला बहराइचला लहान मुलं गेलीत. बहुतेक गरीब वस्तीतली, दार नसलेल्या घरात किंवा अंगणात झोपलेली, अंधारात एकटी. म्हणून साधा नियम, अंधार पडायला लागला की लेक मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर, आणि रात्री बाहेर बाजेवर झोपवायचं नाही. दिवसा खुशाल खेळू दे.

आणि एक, जनावर झोकांड्या खातंय किंवा भरदिवसा विनाकारण अंगावर येतंय तर रेबीज धरून चालायचं. चावा, नुसता ओरखडा असला तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच सरकारी दवाखाना, लस आणि सीरम (जखमेत देतात ते तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दोन्ही विचारायचं. मोत्याला लस दिलीय का? माळावर भटक्या कुत्र्यांमुळे हा त्रास लांडग्यांपर्यंत पोचतो.

माळावरचा:
+१. कोंबड्यांची घाण, मेलेली जनावरं घरामागं टाकत असाल तर बंद करा, त्या वासानंच लांडगे येतात. शेळी-मेंढी मारली तर मेलेलं जनावर हलवू नका, वनखात्याच्या 1926 नंबरवर कळवा, पंचनामा झाला तरच भरपाई.

धागाकर्ती:
खूप खूप आभार सगळ्यांचे. काल सासऱ्यांना विचारलं तर कळलं, टाकीमागच्या खड्ड्यात शेजारच्या पोल्ट्रीवाल्याची मेलेली पिल्लं येऊन पडतात, महिनाभर चाललंय म्हणे! तो खड्डा आज बुजवून घेतला. बॅग भरली नाही. मोत्याची लस राहिलीय, सोमवारी नेते. तो अजून टाकीकडं जायला तयार नाही, रोटी दाखवली तरी.