आयसीयूत स्टाफ नर्स आहे, नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स करावा का?

सिस्टर_बोरिवली:
नमस्कार मंडळी. माझं बीएस्सी नर्सिंग झालंय, मुंबईतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत चार-पाच वर्षं स्टाफ आहे. बरोबरच्या बऱ्याच मुली आखातात नाहीतर यूकेला गेल्या, मला घरच्यांमुळे इतक्यात जायचं नाहीये, पण आहे तिथेच अडकून पण राहायचं नाहीये. नाइटला तीन वाजता पेशंटचं बीपी पडायला लागतं, नॉरअॅड (बीपी वाढवणारं औषध) वाढवायला हवं हे मला दिसतंय, एबीजीचा (रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेच्या तपासणीचा) कागद हातात आहे, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) दुसऱ्या मजल्यावर कुठल्यातरी अॅडमिशनमध्ये, आणि ते फोन उचलेपर्यंत मी औषधाच्या पंपाजवळ नुसती उभी, कारण ऑर्डर नाही. खूप त्रास होतो याचा. नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे जास्तीचं शिक्षण घेऊन स्वतः पेशंट तपासणारी नर्स) इन क्रिटिकल केअर म्हणून कोर्स आहे असं ऐकलं, तो एमएस्सी धरतात का? लायसन्स वेगळं मिळतं का? औषधं लिहिता येतात का? मामेबहीण अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे ती एनपीलाच दाखवते, डॉक्टर बऱ्याचदा दिसतच नाहीत.

ट्यूटर_मॅडम:
कोर्स आहे ताई. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा, दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, पोस्ट ग्रॅज्युएट लेव्हलचा. बीएस्सी, रजिस्ट्रेशन आणि किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, तोही शक्यतो क्रिटिकल केअरमधला, म्हणजे तू बसतेस. (जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बीएस्सी करायचं.) नेहमीच्या एमएस्सीत वर्गात बसणं आणि प्रबंध जास्त, इथे बहुतेक वेळ आयसीयूतच जातो, सोबत अॅडव्हान्स्ड फार्माकॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं ते) आणि पेशंट डोक्यापासून पायापर्यंत स्वतः तपासून निष्कर्ष काढायचं शिक्षण. पास झालीस की स्टेट कौन्सिलकडे जास्तीची क्वालिफिकेशन म्हणून नोंद होते.

आता औषधांचं. स्वतःच्या सहीने प्रिस्क्रिप्शन नाही लिहिता येत. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्सच्या नियमांत प्रिस्क्रिप्शन म्हणजे रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनरचं. हॉस्पिटलने लेखी प्रोटोकॉल, स्टँडिंग ऑर्डर (आधीच लिहून ठेवलेल्या सूचना) करून दिल्या तर त्या चौकटीत तुला निर्णय घेता येतात. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरची केडर (वेगळा कर्मचारी वर्ग) उभी करा असं लिहिलेलं आहे, 1947 च्या नर्सिंग कौन्सिलच्या कायद्याच्या जागी 2023 मध्ये नवीन नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशनचा कायदा पण आला, पण कोर्स करून आलेल्या मुलीला पोस्टच नसेल तर ती पुन्हा त्याच रोस्टरवर लागते. माझ्या विद्यार्थिनींचं असं झालेलं पाहिलंय म्हणून कळकळीने सांगते.

लेबर रूमची आवड असेल तर मिडवाइफरीचा एनपी कोर्स पण आहे, 18 महिन्यांचा, त्याच्या गाईडलाइन्स डिसेंबर 2018 मध्ये आल्या.

डोंबिवली_ते_टेक्सास:
मी इथे अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) आहे आणि सध्या एनपीचं शिकतेय. बहीण म्हणते ते खरंय पण सगळीकडे सारखं नाही. 1965 ला कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या नर्स आणि हेन्री सिल्व्हर नावाचे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी पहिला एनपी प्रोग्रॅम सुरू केला, तेव्हापासून एकेका राज्यात भांडत भांडत हे अधिकार मिळालेत. अॅरिझोना, ओरेगनमध्ये एनपी स्वतंत्र प्रॅक्टिस करते, आमच्या टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरबरोबर लेखी करार लागतो. आधी एनक्लेक्स (इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) देऊन आरएन, मग मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट), मग नॅशनल सर्टिफिकेशनची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स. आणि एनपीमध्ये पण शाखा आहेत, फॅमिलीवाली आणि अक्यूट केअरवाली (गंभीर आजारी पेशंटची) वेगळी, आयसीयूत काम करायचं तर अक्यूटचंच शिक्षण धरतात. भारतातला एनपी कोर्स करून इथे थेट एनपी होता येत नाही, आरएनपासूनच सुरुवात, त्यामुळे पुढेमागे यायचा विचार असेल तर एनक्लेक्स आत्ताच देऊन ठेव, मुंबईत सेंटर आहे.

आयसीयू_डॉक्टर:
डॉक्टरच्या बाजूने लिहितो. मुंबईत कितीतरी नर्सिंग होममध्ये रात्रीचे आरएमओ बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतात, बरेच जण चांगलं काम करतात, पण दोन वर्षं फक्त व्हेंटिलेटर, इनोट्रोप (हृदयाला, बीपीला आधार देणारी औषधं) आणि एबीजीमध्ये घालवलेली नर्स बेडपाशी हजर असताना तिने फोन लागायची वाट बघायची हे मला पटत नाही, पेशंटच्या जिवाचा प्रश्न आहे. आमच्याकडे नॉरअॅडची ऑर्डर लिहितानाच मॅप (सरासरी बीपी) 65 च्या वर ठेवा, रेट अमुकपासून तमुकपर्यंत, त्यापुढे गेला तर मला उठवा असं लिहितो. मग सिस्टर पंप वाढवतात, वेळ टाकून चार्टवर लिहितात, आणि फोनवर मला कल्पना देतात. याला एनपी असायची गरज नाही, तुमच्या इन्टेन्सिव्हिस्टना (आयसीयूच्या तज्ज्ञ डॉक्टरांना) उद्याच विचारा. कोर्स जरूर करा, पण अॅडमिशन घ्यायच्या आधी हॉस्पिटलकडून पोस्ट, पगार आणि काय काय करायची मुभा हे लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर दोन वर्षं घालवू नका.

सिस्टर_बोरिवली:
खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टर, आमच्याकडे ऑर्डरमध्ये नुसता रेट असतो, रेंज कधीच नसते, उद्या राउंडला सरांशी बोलते. कोणी हा कोर्स महाराष्ट्रात करून कामाला लागलं असेल तर प्लीज सांगा, अपॉइंटमेंट लेटरवर तुमची पोस्ट काय लिहिलीय, एनपी की स्टाफ नर्सच?