केळीच्या बागेत एआय मास्कची कड फडफडते, काय करू?

अहिराणी गाण्याचा व्हिडिओ एडिट करतोय, शूट रावेरकडच्या केळीच्या बागेत, हिरोईनची साडीपण हिरवीच, तिला मागच्या बागेपासून वेगळं करणारा एआय मास्क मधेच पान धरतो आणि हात हलला की बोटं गायब.

> हिरव्यात हिरवी साडी, एआय तरी काय करनार भो! दाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातला मॅजिक मास्क घे, ती पूर्ण दिसते त्या फ्रेमवर तिच्यावर स्ट्रोक (रेघ) मार आन तिथून पुढे-मागे दोन्हीकडे ट्रॅक कर, पान धरलं तिथं वजा स्ट्रोक, म्हंजे तेवढा भाग मास्कमधून काढणारी रेघ.

> बोटांचं कारण मोशन ब्लर, म्हणजे हलताना येणारा धूसरपणा, दादा. सेकंदाला २५ फ्रेमच्या शूटला कॅमेऱ्याचं शटर सहसा १/५० सेकंद, नाचाला पुढच्या वेळी १/१०० ठेवा. आता मास्कची कड जराशी आत घ्या, किंचित ब्लर द्या.

वजा स्ट्रोकने पान सुटलं भाऊ! बोटं हातानेच फ्रेम-फ्रेम करतोय.