नोकरी, अभ्यास आणि घर: आठवड्याचा वेळ कसा बसवता? सल्ला हवा आहे

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. पूर्णवेळ नोकरी करते आणि सोबत दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतलाय. पहिलं सत्र नुकतंच संपलं, उत्तीर्ण झाले, पण जीव मेटाकुटीला आला. घरी नवरा, सासूबाई आणि चार वर्षांची लेक. तक्रार कोणाचीच नाही, उलट सगळे सांभाळून घेतात.

अडचण अशी की रात्री लेक झोपली की पुस्तक उघडते, डोळे मिटेपर्यंत वाचते आणि दोन दिवसांनी त्यातलं काही आठवत नाही. शनिवार-रविवार अभ्यासाला ठेवायचे ठरवते, तर आठवडाभराची तुंबलेली कामं समोर उभी. लेकीशी खेळताना अभ्यासाची टोचणी, अभ्यासाला बसले की लेकीची. मैत्रिणींना फोन करणं तर बंदच झालंय.

वेळापत्रकं बनवून झाली, चार दिवसांच्या वर टिकत नाहीत. ज्यांचं टिकतं ते नेमकं काय करतात? अभ्यास सोडायचा नाही. पण लेकीचं हे वयही परत येणार नाही, ते रोज जाणवतं. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

रानवाट

ताई, नवं वेळापत्रक करू नका अजून. आधी हिशोब करा. आठवड्याचे तास १६८. त्यातून आधी झोप वजा करा, आणि रोजची सात तासांच्या खाली धरू नका. प्रौढ माणसाला नियमित सात किंवा अधिक तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्र बसून सांगितलंय. शिवाय दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, म्हणजे झोप मोडून केलेला अभ्यास दोन्हीकडून तोट्याचा.

मग नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ. मग स्वयंपाक, आंघोळ, आवराआवर. त्यानंतर लेकीचा वेळ, आणि हा अभ्यासाच्या आधी वजा करायचा, उरला तर देऊ असं नाही. शेवटी जे उरेल ते अभ्यासाचं. तो आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.

अर्धा_तास

मी पंचवीस मिनिटांच्या पद्धतीवर दोन परीक्षा काढल्या, म्हणून तीच सुचवतो. पंचवीस मिनिटं एकच काम, पाच मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतः विद्यार्थी असताना ही काढली. त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं, म्हणून नाव पोमोदोरो. फायदा एवढाच की सुरुवात करायला जड जात नाही. 'आज तीन तास बसायचंय' म्हटलं की मन पळवाटा शोधतं. पंचवीस मिनिटांना कोणी नाही म्हणत नाही.

मोबाईल मात्र दुसऱ्या खोलीत. पालथा टेबलावर ठेवून भागत नाही.

रानवाट

@अर्धा_तास, वाचनाला आणि पाठांतराला ठीक. पण गणित सोडवताना किंवा प्रबंधाचं प्रकरण लिहिताना विसाव्या मिनिटाला कुठे गाडी रुळावर येते आणि घंटी वाजते. अशा कामाला सलग दीड तास मिळत असेल तर तो तोडू नये. ताईंनी विषय बघून ठरवावं.

भिंगरी

शिकवणं हा माझा पेशा आहे, त्यामुळे 'वाचलेलं आठवत नाही' या एका ओळीवर सविस्तर लिहिते. बाकीचं वेळेचं गणित यावरच अवलंबून आहे.

तुमची स्मरणशक्ती कमी नाही, पद्धत महागडी आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की शिकलेल्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. त्यावर उपाय पुन्हा पुन्हा वाचणं हा वाटतो, पण तो फार कमी कामाचा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा परत वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली फसगत इथेच होते. परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं आपण धरून चालतो.

म्हणून रात्री नवीन धडा उघडूच नका. थकलेल्या डोक्याने नवीन वाचणं म्हणजे वेळ गेला आणि हाती काही नाही. रात्री फक्त पंधरा-वीस मिनिटं कोरा कागद घ्या आणि सकाळी जे नवीन वाचलंत ते, पुस्तक न उघडता, आठवून लिहा. जिथे अडाल तिथे खूण करा, दुसऱ्या दिवशी तेवढंच बघा. मग तोच भाग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी असाच आठवून लिहा. अंतर वाढवत न्यायचं. सुरुवातीला हे त्रासदायक वाटतं, कारण काहीच येत नाही असं दिसतं. तो त्रास होतोय म्हणजेच काम होतंय. माझे नोकरी करून शिकणारे विद्यार्थी सगळ्यात जास्त तास इथेच वाचवतात.

सांजवेळ

कोरी_पाटी, दोन मुलं लहान असताना मी पदवी पूर्ण केली. तुमची दुहेरी टोचणी चांगली ओळखीची आहे.

लेकीसाठी पूर्ण रविवार राखायची गरज नाही. चार वर्षांच्या मुलाला तासांचा हिशोब कळत नाही, तुमचं लक्ष आहे की नाही ते बरोबर कळतं. रोज ठरलेल्या वेळी अर्धा-पाऊण तास, त्यात फोन नाही, मनात धडा नाही, खेळ काय खेळायचा ते तिने ठरवायचं. वेळ ठरलेली असली की तीही निर्धास्त होते. 'आई आता अभ्यास करणार' हे ऐकून घेते, कारण तिची पाळी नक्की येणार हे तिला माहीत असतं.

आणि मनात धडा राहू नये यासाठी एक करा. अभ्यासातून उठण्याआधी दोन मिनिटं काढून लिहा: कुठे थांबले, पुढचं पाऊल काय, ते कधी करणार. अर्धवट सोडलेल्या कामात मन मागे रेंगाळतं, त्यावर सोफी लेरॉय यांचं २००९ चं संशोधन आहे. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की काम पूर्ण झालं नाही तरी ते पुढे कधी आणि कसं करायचं एवढं ठरलं तरी त्याचे विचार मध्येमध्ये डोकावणं कमी होतं. मला हे संशोधन माहीत नव्हतं तेव्हाही वही अशीच चालू असायची.

नवऱ्याशी मात्र स्पष्ट बोला. 'मदत कर' असं मोघम नको, 'मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ पूर्ण तुझी, मला हाक मारायची नाही' असं. सांभाळून घेणाऱ्या माणसालाही नेमकं काय सांभाळायचं ते सांगावं लागतं.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाटदादा, हिशोब केला. झोप ४९, नोकरी आणि प्रवास ५२, घरकाम आणि स्वतःचं आवरणं २८, लेक १४. बेरीज १४३, उरले २५. पण येत्या सत्रात तीन विषय आहेत आणि माहितीपत्रकानुसार आठवड्याला साधारण ३५ तास अभ्यास अपेक्षित आहे. मग हे दहा तास आणायचे कुठून?

रानवाट

आणायचे नाहीत ताई. ते नाहीतच. आजवर ते तुम्ही झोपेतून आणि लेकीच्या वेळातून काढत होता, म्हणून कुठलंच वेळापत्रक टिकत नव्हतं. दोष तुमच्या चिकाटीचा नव्हता.

माहितीपत्रकात विषयापुढे दिलेला क्रेडिटचा आकडा लोक गुणांसारखा बघतात, पण तो कामाच्या तासांचा आकडा आहे. युरोपातल्या विद्यापीठांच्या इसीटीएस या क्रेडिट पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला दहा-बारा. असे तीन विषय म्हणजे आठवड्याला ३० ते ३६ तास, जवळजवळ दुसरी नोकरीच. तुमच्या संस्थेत विषय पुढच्या सत्रात ढकलता येतो का, अभ्यासक्रम पूर्ण करायला कमाल किती वर्षं मिळतात, हे नावनोंदणीच्या आधी लेखी विचारून घ्या. दोन विषय घेतलेत तर २३-२४ तासांत बसतं. पदवी सहा महिने उशिरा मिळाली तर तुमचं काय अडतं, एवढं एकदा शांतपणे बघा.

भिंगरी

रानवाट यांच्याशी सहमत, फक्त २५ पैकी २४ भरून टाकू नका. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा. सगळंच बिघडलं तर किती, यावरचं उत्तर ४८.६. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. घरात लहान मूल म्हणजे ताप, सर्दी, शाळेला अचानक सुट्टी, हे सगळं आलंच. चार-पाच तास रिकामे ठेवा, आणि माझ्या पद्धतीने वाचलात तर छापील तासांपेक्षा कमीत भागण्याची बरीच शक्यता आहे.

वेळापत्रक टिकण्याबद्दल विचारलंत त्याचं उत्तर राहिलं होतं. 'सकाळी अभ्यास करीन' असं लिहू नका. 'चहाचा कप ठेवला की लगेच टेबलाशी बसून कालची खूण केलेली ओळ उघडीन' असं लिहा. अमुक झालं की तमुक करायचं, असं प्रसंगाला बांधलेलं ठरवणं नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळलं जातं, यावर पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं मोठं काम आहे. आणि एखादा दिवस बुडाला तर तो भरून काढायला रविवार खाऊ नका. बुडाला तो बुडाला, पुढची ठरलेली वेळ पाळा.

कोरी_पाटी

दोन विषयांचं आज घरी बोलले. नवरा म्हणाला, मी हे पहिल्या दिवसापासून सुचवणार होतो. विषय पुढे ढकलण्याबद्दल संस्थेला ईमेल पाठवलाय. मंगळवार-गुरुवार ठरले.

एक शेवटचं: परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात पण हेच ठेवायचं का?

सांजवेळ

त्या पंधरवड्यात घरकामातले तास काढा, झोप आणि लेकीची वेळ तशीच ठेवा. कपाटं आवरणं, पाहुणे, शिवणटिपण, सगळं परीक्षेनंतर. तारखा आजच सासूबाईंना आणि ऑफिसात सांगून ठेवा, आणि जमलं तर परीक्षेच्या आदल्या दिवशीची रजा आत्ताच टाका. ऐनवेळी मिळत नाही. मैत्रिणींचे फोन चालताना किंवा भाजी निवडताना करा, पण करा.