२ फुटी टाकीत कोरल ठेवायचंय, कमी खर्चात ट्यूब कोणती लावू?

आर्वीवाला:
नमस्कार मंडळी. मी आर्वी तालुक्यातला, गाव लहान आहे, घरी गप्पी अन् मोली पाळून सात-आठ वर्षं झाली. मागच्या दिवाळीत भाच्याकडं मुंबईले गेलो तेव्हा खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदा डोळ्यानं पाहिली. दगडावर शर्टाच्या बटणाएवढे हिरवे-केशरी झोअँथिड नावाचे मऊ कोरल उघडे होते, रात्री लाईट बंद केला तसे एकेक करून मिटून गेले, अन् तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही. घरी येऊन टाकी बनवून घेतली, २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे ७० लिटर. मीठ आणलं, सिरॅमिकचे दगड टाकले, दोन महिने झाले पाणी सायकल होऊन रायलं, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होऊन रायले. आता गाडी अडली लाईटवर. दुकानात टी५ मागितली तर त्यानं एलईडीची पट्टी काढून हातात दिली. रीफसाठी, म्हणजे कोरलच्या टाकीसाठी, जी एलईडी चांगली म्हणतात तिची किंमत पाहूनच मागं फिरलो. माझ्याकडं ट्यूब, चोक, पट्टी सगळं धरून ४ हजार आहेत. एकानं सांगितलं साधी ३६ वॅटची ट्यूब अन् सोबत एक निळी ट्यूब लाव, झालं काम. खरंच जमते का तेवढ्यावर? घर टिनाचं आहे हेही सांगून ठेवतो.

वणीचा_वायरमन:
भाऊ पहिले हे पाहा, ३६ वॅटची ट्यूब असते ४ फुटी, तुमची टाकी २ फुटाची, म्हणजे अर्धी ट्यूब बाहेर. २ फुटात जी साधी जाडी ट्यूब येते ते १८ वॅटची, तिले टी८ म्हणतात, जाडी २६ मिलिमीटर. टी५ म्हणजे बारकी, १६ मिलिमीटर. आता बारक्यातही दोन जाती आहेत आन् सगळा घोळ तिथंच होते. २ फुटात एक १४ वॅटची येते, ते घरात शोकेसमधी लावतात, आन् दुसरी २४ वॅटची, तिले एचओ म्हणजे हाय आउटपुट म्हणतात. लांबी दोन्हीची सारखी, ५५ सेंटिमीटरच्या आसपास, दिसायले जुळ्या बहिणी, पण चोक वेगळा लागते. १४ च्या चोकवर २४ ची ट्यूब पेटन, पण पुरा उजेड देनार नाही. म्हणून ट्यूबवरचे वॅट वाचा आन् चोकवरचेही वाचा. चोक इलेक्ट्रॉनिकच घ्या. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडते तेव्हा पट्टीवाला जुना चोक-स्टार्टर नुसता फडफड करते.

निळ्या ट्यूबचं खास सांगतो. मंडपवाले लावतात ते निळी ट्यूब नुसती शोभेची, तिच्यानं कोरलचं काही होत नाही. हॉटेलात माश्या मारायच्या मशीनमधी जांभळी ट्यूब असते ते तर अजिबात नको, ते ३६५ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील असते. आन् पानी शुद्ध करायच्या मशीनमधली यूव्ही ट्यूब उघडी लावली तं तुमच्या डोळ्यालेच इजा करन. तुमाले पाहिजे ते अक्टिनिक, ४२० ते ४६० नॅनोमीटरवाली, मत्स्यालयाच्या दुकानातच भेटते.

अचलपूर_रीफ:
दादा, माझी टाकी तुमच्याएवढीच आहे, चार वर्षं झाली, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सुरुवात १८ वॅटच्या दोन टी८ वर केली होती. मशरूम कोरल (डिस्कोसोमा) जगले, चांगले पसरलेही, पण झोअँथिडच्या माना लांब व्हायला लागल्या. एकेक देठ उजेडाकडं ताणून वर आलेला आणि वरचं बटण फिकट तपकिरी, जसं अंधाऱ्या खोलीत ठेवलेलं रोप खिडकीकडं वाकते तसंच. कोरलच्या अंगात झुझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहते, ते उजेडावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळते, म्हणून उजेड कमी पडला की कोरल उपाशी राहते. आणि ह्या शैवालाला निळा उजेड जास्त उपयोगी पडते, त्यासाठी अक्टिनिक.

मग मी २४ वॅटच्या एचओ ट्यूब घेतल्या. तुमची टाकी उंचीला सव्वाच फूट आहे, मऊ कोरलसाठी दोन ट्यूब बस होतील, एक पांढरी ६५०० ते १०००० केल्विनमधली (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, ट्यूबवर लिहिलेलं असते) आणि एक निळी. पण प्रत्येक ट्यूबच्या मागं तिचा स्वतःचा वाकवलेला चकचकीत रिफ्लेक्टर पाहिजेच. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते, वरचा अर्धा उजेड छतात जाते, तो रिफ्लेक्टर खाली आणते. ४ हजारात बसवायचं असेल तर तिसरी ट्यूब सोडा पण रिफ्लेक्टर सोडू नका. स्वयंपाकाची फॉइल चिकटवू नका, सुरकुत्यांनी उजेड कुठंही फुटते आणि ती ओघळून खाली पडते, माझी पडली होती.

आता माझी चूक सांगते, तुमच्याकडून होऊ नये म्हणून. ट्यूब पेटते म्हणून मी १४ महिने वापरली. डोळ्याला फरक कळत नाही, पण आतली पावडर जुनी होऊन उजेड कमी होत जाते आणि रंगही सरकते, ९ ते १२ महिन्यांत बदलावी लागते. मी एकाच दिवशी सगळ्या बदलल्या. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर हिरव्या स्टार पॉलिपचा (हेही मऊ कोरलच) गालिचा मिटलेला आणि झोअँथिड पांढुरके. दीड महिना गेला परत रंग यायला, तीन तर आलेच नाहीत. म्हणून बदलताना एक ट्यूब आज, दुसरी तीन आठवड्यांनी. तुम्ही नवीन लावाल तेव्हा पहिल्या आठवड्यात ४ तासच लावा आणि हळूहळू ८-९ तासांवर न्या.

वीज सांगते, दोन ट्यूब रोज ९ तास म्हणजे महिन्याला साधारण १३ युनिट.

वरोरा_मास्तर:
अचलपूरच्या ताईंनी बरोबर सांगितलं. दोन गोष्टी जोडतो. दगडी कोरल, म्हणजे कडक सांगाड्याचे, कोणी स्वस्तात देतो म्हटलं तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सगळे दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल अन् समुद्रपंखे घातले, वाळलेला तुकडासुद्धा गुन्ह्यात येतो. तुमचे दगड सिरॅमिकचे आहेत हे फार छान केलं. झोअँथिड अन् मशरूम त्या यादीत नाहीत, तरी कोणाच्या टाकीत वाढलेला तुकडाच घ्या, समुद्रातून ओरबाडलेला नको.

दुसरं, फ्लोरोसंट ट्यूबमध्ये पारा असतो. मिनामाता करारात (पाऱ्याचा वापर कमी करायचा आंतरराष्ट्रीय करार) २०२३ साली ठरलं की सामान्य उजेडाच्या अशा ट्यूब २०२७ पर्यंत बनवणं बंद करायचं, युरोपात तर टी५ अन् टी८ २०२३ पासूनच बाजारात आणता येत नाहीत. म्हणून आज घेताना २-३ ट्यूब जास्तीच्या ठेवा, अन् पुढं एलईडीसाठी पैसे बाजूला टाकत जा. फुटलेली ट्यूब उकिरड्यावर फेकू नका.

आर्वीवाला:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी समोर बसून सांगत नाही. आता भीती वाटते ती मे महिन्याची. आमच्याकडं दुपारी ४५-४६ होते, वरून टिन, त्यात ह्या ट्यूबचा ताव. अन् लाईन तर जातेच.

चंद्रपूर_खारंपाणी:
भाऊ मी चंद्रपुरात ठेवतो म्हणजे तुमच्याकडंही जमेल. पाणी २४ ते २७ डिग्री पाहिजे, ३० च्या वर राहिलं की कोरल ते शैवाल बाहेर टाकते अन् पांढरं पडते. पहिलं म्हणजे टाकी टिनाखालून काढा, मातीच्या भिंतीची आतली खोली असेल तर तिथं न्या. दुसरं, उन्हाळ्यात लाईट दुपारी लावूच नका, संध्याकाळी ६ ते रात्री २ चा टायमर लावा, कोरलला सूर्याशी काही घेणंदेणं नाही, त्याला ८ तास सलग उजेड पाहिजे. म्हणजे हवेचा अन् ट्यूबचा ताव एकावर एक येत नाही. वरचं झाकण काढून टाका, टी५ सर्वात जास्त उजेड ३५ डिग्रीच्या आसपास देते, डबाबंद केली तर उजेडही कमी होतो अन् ट्यूबही लवकर जाते.

तिसरं, कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरपा मारा. आपली हवा कोरडी आहे ना, पाणी उडते अन् टाकी थंड होते, माझी २-३ डिग्री उतरते. त्याच बंद खोलीत कूलर लावला तर ओल वाढते अन् पंख्याचं काम कमी होते, हे ध्यानात ठेवा. उडालेल्या पाण्याच्या जागी खारं टाकू नका, मीठ उडत नाही, फक्त पाणी उडते. काचेवर टेपची खूण करा अन् रोज तिथपर्यंत साधं आरओचं भरा. आरओला टीडीएस कंट्रोलर (पाण्यातले क्षार कमी-जास्त करायचा नॉब) असेल तर तो पूर्ण बंद करा, तो बोअरचं पाणी परत मिसळतो.

लाईन गेली तर ट्यूबची काळजी करू नका, दोन-तीन दिवस उजेड नसला तरी कोरल तग धरते. पाणी हलवणारा पंप मात्र इन्व्हर्टरवर ठेवा, पाणी थांबलं की प्राणवायू संपतो.

वणीचा_वायरमन:
एक राहिलं भाऊ. ट्यूबच्या टोकाले वॉटरप्रूफ कॅपच लावजा. मी एकाकडं पाहिलं, होल्डरवर मिठाची पांढरी पापडी अन् आत पितळ हिरवं पडलेलं, ओल्या हातानं धरलं तं झिणझिण्या आल्या. अर्थिंग तपासून घ्या आन् आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडनारा स्विच) बसवा, पैसे त्यातून वाचवू नका.

आर्वीवाला:
अपडेट देतो. नागपूरहून २४ वॅटच्या दोन एचओ, दोन रिफ्लेक्टर, इलेक्ट्रॉनिक चोक अन् एक जास्तीची निळी ट्यूब आणली. टाकी आतल्या खोलीत हलवली, गावच्या वायरमनकडून आरसीसीबी बसवून घेतली. भाच्यानं ओळखीच्याच्या टाकीतला झोअँथिडचा तुकडा थर्मोकोलच्या डब्यात विदर्भ एक्सप्रेसनं आणला, वर्धा स्टेशनवर उतरवून घेतला. पाच दिवस सगळे मिटून होते, जीव नुसता खालीवर होत होता. आज सकाळी सतरापैकी सहा उघडे दिसले, कडेला केशरी अन् मधात हिरवे, आईलेही हाक मारून दाखवले. आता सांगा, रोज पांढरी आधी लावू का निळी?

अचलपूर_रीफ:
वा दादा, वाचून फार बरं वाटलं. निळी आधी, अर्ध्या तासानं पांढरी, आणि बंद करताना उलट. राहिलेले अकरा उघडले की फोटो टाका.