मदत हवी आहे: रोज पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही

अर्धवटराव३६
गेले अठरा दिवस रोज पहाटे तीनला टक्क जाग येते. कधी २:५०, कधी ३:१०. मग सहापर्यंत छताकडे बघत पडायचं. डोक्यात काहीबाही चालू असतं, चार वर्षांपूर्वी कुणाला काय बोललो तेसुद्धा आठवतं. दिवसभर चिडचिड. काल ऑफिसात एका साध्या मेलला उत्तर लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. उपाय सांगा, जमल्यास आज रात्रीपुरता तरी. मोबाईल लांब ठेवा, कोमट दूध प्या, सगळं करून झालंय. आणि कृपया ध्यान करा असं कुणी सांगू नका.

सायंतारा
झोपता किती वाजता? चहा-कॉफी किती? आधी कधी असं झालं होतं? आणि अठरा दिवसांपूर्वी नेमकं काय झालं?

शांतचित्त
सांगू नका म्हणालात तरी सांगतो. ध्यान करा. माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे. एक ते दहा श्वास मोजायचे, चुकलं की परत एकपासून. पहाटे तीनला जाग येणं हा त्रास नाहीच, ती संधी आहे.

अर्धवटराव३६
ती संधी तुम्हीच घ्या, मी सोडली.
सायंतारा: अकराला झोपतो. सकाळी एक कॉफी, बस. काहीही झालेलं नाही. सगळं नीट चाललंय, म्हणून तर कळत नाहीये.

रातकिडा
गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. पहाटेकडे झोप वरवरची होते, स्वप्नं वाढतात. त्यामुळे त्या वेळी जाग सगळ्यांनाच येते, फक्त लक्षात राहत नाही. तुमची लक्षात राहते कारण तुम्ही घड्याळ बघता. २:५० आणि ३:१० आम्हाला कसं सांगितलंत? घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. अंदाजाने वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, पापण्या जड झाल्या की मगच पलंगावर. तळमळत पडून राहायचं नाही. ही पद्धत रिचर्ड बूट्झिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडली, आज ती सीबीटी-आय या (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायच्या, गोळीविना) उपचाराचा भाग आहे. जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हा उपचार करा असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. जुना म्हणजे निदान तीन महिने. तुमचे अठराच दिवस आहेत, घाबरू नका.

शब्दवेडा
रातकिडा, हा निद्रानाश नव्हे. निद्रानाश म्हणजे झोप लागतच नाही. आणि झोपमोड म्हणावं तर ती दुसरा कुणीतरी करतो. आपली आपण मोडली तर त्याला मराठीत शब्द काय?

रातकिडा
पहाटे जाग येऊन परत झोप न लागणं हाही निद्रानाशातच धरतात. शब्दासाठी वेगळा धागा काढा.

घोरपडे_नव्हे_घोरणारा
गादी किती जुनी आहे? मी गादी बदलली आणि घोरणं अर्ध्यावर आलं.

सायंतारा
ते घोरत नाहीयेत हो!
धागाकर्ते, औषध कुठलं चालू आहे?

अर्धवटराव३६
एकही नाही.

सायंतारा
आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत?

अर्धवटराव३६
होती एक, ती बंद केली. दीड वर्षापूर्वी अचानक छाती धडधडून जीव घाबरायचा, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी पॅरॉक्सेटिन दिलं होतं. आता छान वाटत होतं. पाकीट संपलं, नवीन आणलं नाही. तीन आठवडे झाले असतील. पण ती गोळी सकाळी घ्यायचो, तिचा पहाटेच्या झोपेशी काय संबंध?

सायंतारा
अठरा दिवसांपूर्वी काय झालं, हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. असो. डोळे पटकन बाजूला फिरवले की डोक्यात झिणकन काही होतं का?

अर्धवटराव३६
हो! तुम्हाला कसं कळलं? जिना उतरताना बाजूला बघितलं की कानामागून करंट गेल्यासारखं होतं, क्षणभर पायरी हलते. कठडा धरून उतरतो. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये.

गोळीबार_काका
चाळीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे काढली, म्हणून बोलतो. पॅरॉक्सेटिनच्या गटातली (एसएसआरआय, नैराश्य आणि घबराटीवरची) औषधं एकदम थांबवली की काही जणांना चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, रडू, चिडचिड, मोडकी झोप आणि हे झटके, असं सगळं होतं. पॅरॉक्सेटिन त्यात पुढे, कारण ते शरीरातून लवकर जातं, साधारण एका दिवसात निम्मं. याच गटातलं फ्लुओक्सेटिन कितीतरी दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्याचा त्रास सहसा कमी. मूळ दुखणं उलटलं तर ते बहुधा सावकाश डोकं वर काढतं. हे काही दिवसांतच सुरू होतं आणि झटक्यांसारखं पूर्वी नसलेलं काहीतरी आणतं. पण ठरवायचं तुमच्या डॉक्टरांनी, मी नाही. आणि आज घाईघाईने जुना डोस आपणहून सुरू करू नका, आधी फोन करा.

शांतचित्त
म्हणूनच म्हणतो, गोळ्यांची सवय लागते. ध्यान सोडलं तर करंट बसत नाही.

रातकिडा
सवय आणि व्यसन यांत गल्लत करू नका. व्यसनात तलफ येते, डोस वाढवत न्यावासा वाटतो. इथे साहेब गोळी विसरूनच गेले होते.

शांतचित्त
सोडता येत नाही, मग नाव काहीही द्या. माझा मेहुणा दोन वेळा प्रयत्न करून परत गोळीवर आला.

गोळीबार_काका
तुमच्या मेहुण्याचा त्रास खोटा नाही. टप्प्याटप्प्याने, कधी कधी काही महिने लावून उतरवावं लागतं, आणि हे गोळी सुरू करतानाच सांगायला हवं. पुष्कळदा सांगितलं जात नाही, हा दोष आहेच. पण त्या गोळीने यांची दीड वर्षं धड गेली, हेही खरं.

अर्धवटराव३६
मला कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेन.

सायंतारा
एक सरळ विचारते. जगणं नकोसं वाटतं, असं काही मनात येतं का? येत असेल तर सकाळची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी उठवा आणि तडक दवाखान्यात जा.

अर्धवटराव३६
नाही, तसं नाही. फक्त वैताग आहे. पण विचारलंत ते बरं वाटलं. घरी गोळी बंद केल्याचं अजून सांगितलेलं नाही.

शब्दवेडा
'स्वझोपमोड' कसा वाटतो?

अर्धवटराव३६
(दोन दिवसांनी)
फोन केला होता. ओरडतील असं धरून चाललो होतो, पण त्यांनी एवढंच विचारलं, किती दिवस झाले आणि झटके दिवसातून किती. काल जाऊन आलो. गोळी परत सुरू केलीये, आणि या वेळी महिन्या-महिन्याने कमी करायची, त्याचा कागद लिहून दिलाय. बायकोने कागद वाचला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "फ्रिजवर लाव." डोळ्यांची वेळ रद्द केली. झटके आहेतच अजून. घड्याळ भिंतीकडे वळवलंय. काल रात्रीही जाग आली, पण किती वाजता ते माहीत नाही.

उशीर_झाला
मलाही बरोबर तीनलाच जाग येते हो! मी कुठलीच गोळी बंद केलेली नाही. इथेच विचारू की नवीन धागा काढू?