दारात एवढा मोठा वीजप्रकल्प, तरी आमचे माग का थांबतात?

मागवाला (सोलापूर):
नमस्कार. एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गेल्या आठवड्यात एकाच दुपारी तीनदा वीज गेली. माग मध्येच थांबला की पुन्हा सुरू करताना कापडावर आडवी रेघ उमटते आणि तो टॉवेल दुय्यम मालात टाकावा लागतो. होटगीकडे जाताना एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या प्रकल्पाची चिमणी दिसली की मनात येते, की ही वीज आधी आपल्याला का मिळू नये? आपल्या जिल्ह्यात वीज नेमकी कशाकशापासून तयार होते?

निवृत्त अभियंता:
आपला त्रास खरा आहे, पण त्याचे कारण चिमणीपाशी शोधू नका. फताटेवाडी-आहेरवाडीच्या या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. पहिल्याचे व्यावसायिक उत्पादन २०१७ मध्ये आणि दुसऱ्याचे २०१९ मध्ये सुरू झाले. पाणी उजनीचे, कोळसा मात्र रेल्वेने दुरून येतो, त्यामुळे इंधनाचा खर्च वाढतो. आणि स्वस्त वीज आधी घेण्याचा नियम असल्याने मागणी उतरली की अशा संचांचे उत्पादन कमी केले जाते. तयार झालेली वीज उच्चदाब वाहिन्यांवरून ग्रिडमध्ये, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, जाते आणि तिच्यात महाराष्ट्राबरोबर इतर राज्यांचाही वाटा असतो. सोलापूरचे ग्रिडमधले स्थान तर फार मोलाचे आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची (किलोव्होल्टची) वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडले गेले. मला आजही त्याचा अभिमान वाटतो. आपल्याकडची वीज दुपारी तीनदा जाते, तेव्हा दोष बहुधा ११ केव्हीच्या फिडरवर (उपकेंद्रातून भागाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर) किंवा डीपीवर (जवळच्या रोहित्रावर) असतो. वीज गेल्याची वेळ, शेजाऱ्यांकडची स्थिती आणि एकच फेज गेला की तिन्ही, हे लिहून ठेवा.

भीमाकाठचा (माढा):
साखर कारखान्यांना विसरू नये. गाळपाच्या हंगामात उसाचा भुसा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून कारखाने स्वतःची गरज भागवतात आणि सहवीजनिर्मितीची उरलेली वीज विकतात. हंगाम संपला की हा स्रोत आटतो. उजनी धरणावरही १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. आम्हा शेतकऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे ती सौरवीज, कारण थ्री फेज दिवसा मिळाली तर रात्री अंधारात, विंचू-सापांच्या भीतीत पाणी धरायला जावे लागणार नाही.

मागवाला:
दोघांचेही मनापासून आभार. मग छतावर सौर पॅनेल बसवले तर माग थांबायचे टळेल का?

निवृत्त अभियंता:
बिल कमी होईल, पण बॅटरी नसलेली साधी यंत्रणा ग्रिड बंद पडताच स्वतःही बंद होते. तसे झाले नाही, तर बंद समजून तारेला हात लावणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. तेव्हा आधी डीपीचेच बघा.

मागवाला:
सर, काल नोंद ठेवली. दुपारी २:४० ला वीज गेली, तेव्हा समोरच्या दोन्ही कारखान्यांचे माग चालू होते. आमच्याच डीपीचा एक डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला होता. उद्या तारीख-वेळेसह लेखी अर्ज देतो.